तिवड्याला वळसा

तिवड्याची जागा मला सापडेना. अण्णाकाकांच्या खळ्यावर आता सिमेंटचा कोबा आहे. एका बाजूला चुलतभावाचा टेम्पो उभा असतो, दुसऱ्या बाजूला दोरीवर गोधड्या वाळत घातलेल्या. मी खाली मान घालून त्या कोब्यावर इकडून तिकडे चालत होते. शेवटी वहिनी दारात आली.

"काय पडलं काय वन्सं? कानातलं?"

"नाय गो. असंच बघतेय."

असंच म्हणाले खरी, पण मला घाई होती. आमचे कराटेचे सर अकराला येणार होते, त्यांच्याबरोबर आठ मुली येणार होत्या, आणि साडेदहा वाजून गेले होते.

तिवडा म्हणजे खळ्याच्या मधोमध पुरलेला खांब. मळणीला बैल त्याच्याभोवती फिरतात. आमचा ऐनाचा होता, माझ्या खांद्याएवढा, कासरे घासून घासून मधे बारीक झालेला. त्याला हात लावला की गुळगुळीत लागायचा आणि हाताला बैलांचा वास यायचा. तो कुठे गेला, असं मी वहिनीला विचारलं, तेव्हा ती सहज म्हणाली, "कोबा केला तवा कापला. पावसाळ्यात चुलीत घातला, चांगला जळला." मी "बरं" म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

सरांचा फोन मंगळवारी दुपारी आला होता. मी डोंबिवलीत माझ्या स्वयंपाकघरात होते. "मी सर बोलतोय," एवढं ऐकलं आणि मी हातातलं पोळपाट खाली ठेवून सरळ उभी राहिले. पंधरा वर्षांत त्यांचा आवाज ऐकला नव्हता. त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेल्याचं कुणीतरी सांगितलं होतं, तरी मी भेटायला गेले नव्हते. का गेले नाही ते मला नीट ठाऊक होतं.

"तेरा येतं का गो तुला अजून?" त्यांनी विचारलं.

'तेरा' म्हणजे सेइसान. ओकिनावा नावाच्या बेटावरचा जुना काता. काता म्हणजे समोर कुणी नसताना, ठरलेल्या क्रमानं, एकट्यानं करायची लढाई. सेइसानचा अर्थ तेरा, म्हणून आम्ही किन्हवलीची पोरं त्याला तेराच म्हणायचो.

"पोरींना शिकवाया घेतलंय," सर सांगत होते. "डोळखांबकडच्या पाड्यांवरच्या पोरी हायेत, इथं वसतिगृहात ऱ्हातात. पहिली तीन पावलं झाली, वळायचं झालं. पुढचं मला सापडत नाय. दोन महिनं झालं, पोरी वळून उभ्या हायेत."

वंदीला विचारलंत का, म्हटलं. वंदी माझी चुलतबहीण, आमच्या वर्गात सगळ्यांत चपळ. लग्न होऊन मुरबाडला गेली.

"विचारलं. ती बोलली, सर, मला आता घरात भाकऱ्या किती लागतात तेवढंच आठवतं." सर थोडं हसले. मग म्हणाले, "येशील का? एकदा पुरं करून दाखव. मग मी मोकळा."

येते म्हणाले. फोन ठेवला आणि धाबं दणाणलं. मी मुळातच भित्री. दूध तापायला ठेवलं की ते वर यायच्या आधीच गॅस बंद करणारी. त्या रात्रीपासून डोळे मिटले की तीन पावलं पुढे टाकायची, वळायची, आणि तिथेच थांबायची. सरांना जे सापडत नव्हतं, तेच मलाही सापडत नव्हतं. आणि ते नेमकं तेच ठिकाण होतं जिथे पंधरा वर्षांपूर्वी माझ्या हातून सरांचं वाटोळं झालं होतं.

खळं दिवाळीनंतर तयार व्हायचं. पावसाळ्यात माजलेलं गवत खरवडून काढायचं, पाणी शिंपडायचं, माती चोपण्यानं चोपून चोपून घट्ट करायची आणि वर शेणाचा हात फिरवायचा. दोन दिवस आम्हां पोरांना त्यावर पाय ठेवायची बंदी. मग भारे यायचे. झोडणीचा धपधप आवाज सकाळपासून सुरू व्हायचा आणि हवेत तूस उडायचं. मानेवर, कोपरात, कानामागे खाज. मळणीच्या आधी अण्णाकाका तिवड्याला हळदकुंकू लावायचे, नारळ फोडायचे, आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा बैलांना. घरात सगळं भात येऊन पडलं की खळं रिकामं व्हायचं. खाचरात वाल उगवून आलेले असायचे. त्यांच्या फुलांचा वास थंडीत खाली खाली राहायचा. त्या रिकाम्या खळ्यावर दर रविवारी सकाळी सरांचा वर्ग भरायचा.

सर आमच्याच गावचे. अण्णाकाकांबरोबर शाळेत होते. कल्याणकडे एका कारखान्यात फिटर. पहाटेची एसटी, आसनगावहून गाडी, आणि ड्युटी सुटल्यावर कल्याणच्या एका सरांकडे कराटे शिकायचं. अशी त्यांनी सात-आठ वर्षं काढली. त्यांचं जेवण कधी व्हायचं हे त्यांच्या बायकोलाही माहीत नसावं. मग एका वर्षी त्यांनी अण्णाकाकांकडे खळं मागितलं.

"घे की," अण्णाकाका म्हणाले. "पण तिवडा नाय उपटायचा. त्याला आमी नारळ फोडतो. पोरांच्या उड्यांसाठी उपटू काय?"

"नको उपटू अण्णा," सर म्हणाले. "ऱ्हाऊ दे त्याला. तो पण शिकंल."

आम्ही आठ जण होतो, सहा मुली आणि दोन मुलगे. मुली जास्त कशा, तर सर मुलग्यांना क्रिकेट सोडून या म्हणायचे, आणि आम्हां मुलींना सोडण्यासारखं काही नव्हतंच. ड्रेस गावच्या शिंप्यानं मांजरपाटाचे शिवले. त्यानं आयुष्यभर लेंगे शिवलेले, त्यामुळे आमच्या कराटेच्या ड्रेसना लेंग्यासारख्या नाड्या होत्या आणि एकाला तर खिसासुद्धा. मोजणी जपानी. इच, नी, सान, शी, गो. पाचाला गो म्हणतात हे ऐकून वंदी म्हणाली, "सर, कुणाला हाक मारताव?" त्या रविवारी सर्वांना वीस जोर काढावे लागले.

काता करायच्या आधी परंपरा म्हणायची असा नियम होता. हात मांडीला लावून, डोळे समोर. हा काता समुद्रापलीकडच्या कोणत्या गुरूंकडून कोणत्या शिष्याकडे आला, त्यांच्याकडून मुंबईच्या सरांकडे, मुंबईच्या सरांकडून कल्याणच्या सरांकडे. पलीकडची नावं आम्ही आमच्या जिभेला जमतील तशी घ्यायचो. ती इथे लिहायला मला अजूनही भीती वाटते, चुकलं तर काय, अशी. आई चुलीपाशी ऐकायची आणि म्हणायची, "सकाळी सकाळी पितरांची नावं घेतल्यासारखं काय गो बडबडतेस?" मला ते पटायचं. पितरांच्या जेवणालाही बाप, आजा, पणजा असं मागं मागं जायचं असतं, आणि मधला एक जरी विसरला तरी पान वाया.

परंपरेत शेवटचं नाव कल्याणच्या सरांचं. आमच्या सरांचं नाव नव्हतं. "का?" असं मी एकदा विचारलं. त्यांनी सांगितलं की कल्याणच्या वर्गात भिंतीवर लाकडी पाट्या टांगलेल्या असतात. काता शिकवायची परवानगी ज्याला मिळाली त्याच्या नावाची पाटी. "माझी लागली का मग म्हणायचं," ते म्हणाले. असं म्हणताना ते आमच्याकडे बघत नव्हते.

आता तिवड्याचं. काता एकेकानं करायचा, बाकीच्यांनी कडेला बसायचं. एका अंगाला पेंढ्याची उडवी, दुसऱ्या अंगाला गोठ्याची भिंत, त्यामुळे काता मावेल एवढी सरळ रेघ एकच होती, आणि ती बरोबर तिवड्यातून जायची. उभं राहायचं ते तिवड्याकडे पाठ करून. तीन पावलं पुढे, सावकाश, श्वास सोडत. मग गर्रकन वळायचं. वळलं की तिवडा समोर. इथे सरळ पुढे जायचं तर कपाळमोक्ष. म्हणून सरांनी एक पाऊल घातलं. डावा पाय अर्धा बाहेर, खांदा चोरून तिवड्याच्या बाजूनं निघायचं आणि पुन्हा रेघेवर यायचं. ते इतकं सुरेख व्हायचं की उडवीपाशी बसून बघणारी शेजारची म्हातारी म्हणायची, "ह्यो वळसा मला आवडतो."

दर वेळी, दर एकाला, सर न चुकता म्हणायचे, "परीक्षेला ह्ये पाऊल नाय घ्यायचं हां. तिथं तिवडा नसंल."

आम्ही "हो सर" म्हणायचो.

मार्च आला की काठावरच्या मोहाची फुलं खळ्यावर पडायची. अनवाणी पायाखाली ती चिरडायची आणि पाय गोड वासाचे व्हायचे. मे महिन्यात शेण फुटून माती वर यायची. पाऊस लागला की वर्ग बंद. सर म्हणायचे घरी करा. घरी कुठे करणार? लावणीला गेलो की मी आणि वंदी बांधाआड, गुडघाभर चिखलात तेरा करायचो. चिखलात पाय उचलायला वेळ लागे, म्हणून काता आपोआप सावकाश व्हायचा. तिवडा तिथे नव्हताच, पण त्याचं पाऊल आम्ही घ्यायचो. आम्हाला ते घेतोय हे कळतसुद्धा नव्हतं. माझ्या मते तिथेच काय ते ठरून गेलं.

परीक्षा शहापूरला होती, एका शाळेच्या हॉलमध्ये. कल्याणचे सर स्वतः येणार होते. आदल्या आठवड्यात मला अन्न जाईना. आईनं दृष्ट काढली. एसटीत मी खिडकीशी बसले आणि किन्हवलीपासून शहापूरपर्यंत पुटपुटत होते, तिवडा नसंल, तिवडा नसंल. वंदी शेजारी बसून भाजके चणे खात होती.

तो हॉल मला आठवतो तो फरशीच्या थंडपणानं. एवढी गुळगुळीत जमीन आमच्या पायांना ठाऊक नव्हती. कल्याण आणि बदलापूरच्या मुली रांगेत बसल्या होत्या, पांढऱ्याशुभ्र, कडक ड्रेसमध्ये. नाडी कुणाचीच दिसत नव्हती. आमचे ड्रेस शेणाच्या जमिनीवर बसून मागून पिवळे झाले होते. आम्ही भिंतीला पाठ लावूनच बसलो.

वंदी पाणी प्यायला म्हणून पुढे गेली आणि परत येऊन माझ्या कानात म्हणाली, "मोठ्या सरांच्या उघड्या पिशवीत पाटी हाय. आपल्या सरांच्या नावाची. मी वाचली. नवीन रंग हाय, वास येतोय."

हे तिनं मला सांगायला नको होतं. तोवर ती फक्त माझी परीक्षा होती. आता सरांची पाटी माझ्या पायांवर आली. मी सरांकडे बघितलं. ते पलीकडच्या भिंतीला, हात मागे बांधून, नव्या शर्टात उभे होते. त्यांनाही ठाऊक असणार. सारखे कॉलर नीट करत होते.

पहिलं नाव माझं पुकारलं. परंपरा म्हटली, एकही नाव चुकलं नाही. तीन पावलं पुढे. वळले. समोर कितीतरी लांब मोकळी फरशी होती, आणि माझा डावा पाय अर्धा बाहेर गेला. खांदा चोरला. काहीच नव्हतं तिथे, आणि मी त्याच्या बाजूनं निघाले.

"थांब." कल्याणच्या सरांनी हात वर केला. "हे पाऊल कुठलं?"

मी पाय आत घेतला.

"सेइसानमध्ये हे पाऊल नाही. कुणी शिकवलं?"

तिवडा, असं मला म्हणायचं होतं. आमच्या खळ्यात मधे तिवडा आहे सर, बैल बांधायचा. एवढंच वाक्य. पण त्या कडक ड्रेसमधल्या मुली माझ्याकडे बघत होत्या. खळं म्हटलं की त्या हसतील. शेण म्हटलं की नाक मुरडतील. माझी पाचावर धारण बसली होती आणि तोंडातून निघालं ते एवढंच.

"आमच्या सरांनी."

खोटं नव्हतं ते. म्हणूनच जास्त वाईट होतं.

कल्याणच्या सरांनी मान वळवून आमच्या सरांकडे पाहिलं. सर काही बोलले नाहीत. पुढे वंदी आली. माझं झालेलं बघूनही तिनं वळून तेच पाऊल घेतलं. तिच्यानंतरचीनंही. आठातल्या आठांनी. प्रत्येक जण त्या रिकाम्या फरशीवर एका न दिसणाऱ्या खांबाला वळसा घालून जात होता, आणि हॉलमध्ये कुजबुज वाढत होती. आठवा झाला तेव्हा कल्याणचे सर उठले आणि सर्वांसमोर म्हणाले, "काता हाती आला तसाच पुढे द्यायचा असतो. त्यात स्वतःची भर घालणाऱ्याला मी शिकवायची परवानगी देऊ शकत नाही."

मग त्यांनी पिशवीची चेन ओढून बंद केली. तो आवाज मी नंतर प्रवासात, दवाखान्यात, कुठेही कुणी पिशवीची चेन ओढली की ऐकत आलेय.

परतीच्या एसटीत सरांनी आम्हाला प्रत्येकी एक वडापाव दिला. पुढच्या रविवारी खळ्यावर आम्ही चौघीच गेलो, त्याच्या पुढच्या रविवारी दोघी. मग मी दहावीला बसले, मग कॉलेज, मग लग्न. सर कल्याणच्या वर्गाला पुन्हा गेले नाहीत. तिथले मोठे सर वारले तेव्हाही गेले नाहीत म्हणे. गावात कधी समोरून येताना दिसले की मी दुकानात शिरायची. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझ्यापाठी एक तिवडा होता.

अकराला दहा कमी असताना मी त्या कोब्यावर चपला काढून उभी राहिले. कुणी नाही असं बघून तीन पावलं टाकली. वळले. पुढे काहीच येईना. कुठल्या बाजूला किती, हात वर की खाली, काही नाही. पुन्हा केलं. पुन्हा तेच. वहिनीनं गोधड्या उलटल्या आणि आत गेली. ती शहाणी आहे, काही विचारलं नाही.

मुलींचा आवाज आधी आला. मग सर दिसले. उजवा पाय ओढत, हातात काठी, केस पूर्ण पांढरे. मी वाकले तर म्हणाले, "आलीस. जाड झालीस गो जराशी." मुली खिदळल्या. त्यांच्यातली रेश्मा नावाची एक पुढे होती, काटकुळी, डोळे टपोरे. तिनं मला आपादमस्तक बघून घेतलं. ही दाखवणार होय, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

"सर, मला नाय येत," मी म्हणाले. "वळल्यावर पुढचं मलापण नाय येत. मी आत्ता करून बघितलं."

सरांनी काठी दोन्ही हातांनी धरली. "तुला पण नाय," एवढंच म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला तो मला बघवेना. म्हणजे संपलं, असं त्यांच्या मनात आलं असणार. समुद्रापलीकडून इतकं लांब आलं आणि ह्या कोब्यावर येऊन संपलं. आठ मुली आमच्या दोघांकडे बघत उभ्या होत्या.

मग मी ते बोलले. तेव्हाच का, मुलींसमोर का, मला माहीत नाही. आणखी धरून ठेवणं झेपेना. "सर, त्या दिवशी शहापूरला मी तिवड्याचं सांगितलं नाय. मला आठवत होतं. मला लाज वाटली खळ्याची. तुमचं नाव घेतलं आणि गप्प बसले. तुमची पाटी माझ्यामुळे गेली."

सर काठी टेकत दोन पावलं मागे सरले. मग टेम्पोच्या कडेला टेकले.

"मी पण तिथंच उभा व्हतो की," ते म्हणाले. "मला तोंड नव्हतं काय? मी का नाय बोललो, तुला कधी वाटलं नाय?"

मला कधीच वाटलं नव्हतं. पंधरा वर्षं मी फक्त माझंच वाक्य ऐकत बसले होते.

"मी कल्याणच्या सरांना सांगून ठेवलेलं, गावात शाळेचा हॉल मिळालाय म्हणून. खळ्यावर शिकवतो बोललो असतो तर त्यांनी होच म्हटलं नसतं. तिवडा सांगितला म्हणजे खळं सांगाया लागलं असतं. तू उभी व्हतीस आणि मी भिंतीला उभा राहून देवाला बोलत व्हतो, पोरीच्या तोंडात तिवडा येऊ नको देऊ. आणि नाय आला." त्यांनी डोळे पुसले, काठी तशीच धरून. "तू नापास झालीस ती माझ्यापायी. तुझ्या घरी येऊन सांगायचं व्हतं. तू दिसलीस का दुकानात शिरायचीस. मला वाटायचं, पोरगी रागावलेय."

मला आधी राग आला. खरंच आला. एवढी वर्षं, एवढ्या रात्री, आणि ह्या माणसानं माझं गप्प बसणं देवाकडे मागून घेतलं होतं. मग त्यांच्या काठीवरच्या हाताकडे लक्ष गेलं. त्यांनी ती घट्ट आवळली होती. मीही ओढणीचं टोक तसंच आवळलं होतं. दोघं घाबरट एकाच गावात एकमेकांना चुकवत राहिलो होतो, दुसरं काय.

"तिवडा कुठं व्हता गो?" सरांनी एकदम विचारलं.

"सापडत नाय. मी सकाळपासून बघतेय."

ते गोठ्याच्या भिंतीकडे बघत राहिले. मग काठी टेकत निघाले, जुन्या उडवीच्या जागेकडे एकदा बघितलं, भिंतीकडे एकदा, दोन पावलं मागे आले आणि थांबले. काठी समोर रोवली. पाय जुळवले.

"हितं," ते म्हणाले. "कर आता."

"तुमच्याभोवती?"

"मग काय बैल आणू?"

मुली पुन्हा खिदळल्या. मी सरांकडे पाठ करून उभी राहिले. आधी परंपरा म्हटली. समुद्रापलीकडची नावं, मुंबईचे सर, कल्याणचे सर, आणि जिथे थांबायचं तिथे मी थांबले नाही. "त्यांच्याकडून आमच्या सरांकडं," असं म्हणून त्यांचं नाव घेतलं. पाठीमागून काठी हलल्याचा आवाज आला.

तीन पावलं पुढे. कोबा उन्हानं तापला होता. श्वास सोडला. वळले.

सर समोर होते. पांढऱ्या केसांचे, ताठ, नजर माझ्यावरून पलीकडे लावलेली. डावा पाय आपोआप अर्धा बाहेर गेला, खांदा चोरला गेला, त्यांच्या शर्टाला माझी बाही घासली, साबणाचा आणि तंबाखूचा वास आला, आणि मी पलीकडे निघाले. पलीकडे सगळं होतं. डावा हात खाली, उजवा वर, लाथ, मागे ओढणं, पुन्हा वळणं, सगळं जिथल्या तिथे. जणू कुणी घर झाडून ठेवलं होतं आणि नुसतं दार उघडायचं बाकी होतं. गुडघा कुरकुरला, एका ठिकाणी तोल गेला, पण मी थांबले नाही. शेवटची मोजणी झाली तेव्हा धापा टाकत होते आणि मला रडू येत होतं.

मुलींनी टाळ्या वाजवल्या नाहीत. सरांनी तसं वळण लावलेलं नाही. रेश्मा हळूच म्हणाली, "सर, मी करू?"

"कर."

सर पाय ओढत टेम्पोपाशी जाऊन बसले. थकले होते. कोब्याच्या मधे आता कोणीच नव्हतं. रेश्मा उभी राहिली, परंपरा म्हणाली, मी म्हटली होती तशी, शेवटच्या नावासकट. तीन पावलं टाकली. तिची पावलं माझ्यापेक्षा चांगली होती. मग ती वळली, दोन महिने जिथे उभी होती तिथे.

समोर नुसता कोबा होता. तिचा डावा पाय अर्धा बाहेर गेला. खांदा चोरून ती त्या रिकाम्या जागेच्या बाजूनं निघाली.

शहापूरची फरशी, वर झालेला हात, पिशवीची चेन. मी सरांकडे पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं होतं. ते वाक्य त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसलं, परीक्षेला ह्ये पाऊल नाय घ्यायचं हां. रेश्माही थांबून त्यांच्याकडेच बघत होती, एक पाय अजून बाहेर.

सरांनी तोंड मिटलं. थोडा वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघितलं. मग काठी कोब्यावर एकदा आपटली.

"पुढं," ते म्हणाले.